वरच्या मजल्यावर ठेवलेला संसार

सुईताई हे काही तिचं खरं नाव नव्हतं. गाड्यांच्या सीटा शिवायचं तिचं दुकान गॅरेजांच्या रांगेत अगदी टोकाला होतं. रेक्झीन, फोम आणि जाड दोऱ्याच्या रिळांत बसून ती दिवसभर वीतभर लांबीच्या दाभणाने टाके घालत असायची. दाभणताई म्हणायला कोणाची जीभ वळली नसावी, म्हणून सुईताई. नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. त्याला सगळे गारेगार म्हणत, आणि स्वभावही तसाच होता. घराला आग लागली तरी हा आधी कपातला चहा संपवेल, असं सुईताई म्हणायची.

गाडीत संसार थाटून फिरत राहायचा बेत तिचाच होता. लांबच्या प्रवासाला निघालेली माणसं तिच्याकडे यायची. कोणाला उलगडली की पलंग होईल अशी सीट हवी असायची, कोणाला मुलांना झोपायला कोपरा. काम होईस्तोवर ती बसून बोलत राहत. कुठला डोंगर, कुठलं बंदर, कुठे चार दिवसांसाठी गेलो आणि महिनाभर रमलो. सुईताई मान खाली घालून ऐकायची. एकदा जेवताना ती म्हणाली, "जग बघायला निघालेल्यांच्या बुडाखाली मी गाद्या शिवते, आणि मी मात्र त्या स्टुलावरून उठत नाही." गारेगार हसला. पण त्याने ते मनात ठेवलं. पुढे एका बेकरीची पाव पोचवणारी जुनी गाडी विकायला निघाली, तेव्हा तोच तिला हाताला धरून दाखवायला घेऊन गेला. दार उघडलं तर आत अजून भाजलेल्या पावाचा वास होता. त्या वासानेच बेत पक्का केला म्हणायला हरकत नाही.

पोटापाण्याची काळजी नव्हती. फ्रिज सगळीकडे बिघडतात आणि सीटा सगळीकडे फाटतात. मुलगी जेमतेम बारा वर्षांची, तिला घरून अभ्यास करून परीक्षेपुरतं शाळेत जाता येणार होतं. अडत होतं ते घराशी. त्या दोन खोल्यांत इतकं सामान मावलेलं असेल असं वाटलं नव्हतं. काही विकलं, काही वाटलं. पण काही वस्तू अशा होत्या की विकवत नव्हत्या, टाकवत नव्हत्या आणि गाडीत नेताही येत नव्हत्या. तिच्या वडिलांनी दिलेलं काचेच्या दारांचं कपाट, त्याच्या आईची मोठी पातेली, मुलीची पहिली सायकल, पाहुण्यांसाठीच्या गाद्या. एकेका वस्तूवरून दोघांची जुंपायची. तो म्हणायचा, तुझ्या वडिलांचं कपाट ठेवायचं तर माझ्या आईची पातेली का नाही. मग कपाटही जागेवर आणि पातेलीही.

त्या भांडणात वरच्या मावशी पडल्या. सुईताईचं घर दुसऱ्या मजल्यावर, मावशींचं बरोबर वर. मावशींचं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेलं. समोरचा अघळपघळ बोलायला लागला की आता या लाईन कापतील असं वाटायचं. पोरबाळ नाही, नवरा जाऊनही बराच काळ झालेला. सुईताईची मुलगी तान्ही होती तेव्हा दुकान बंद ठेवणं परवडण्यासारखं नव्हतं. मावशी स्वतःहून खाली आल्या, बाळ उचललं आणि वर घेऊन गेल्या. ते रोजचंच झालं. मुलगी पहिलं पाऊल टाकून चालली ती वरच्या घरात, आणि आईला ते संध्याकाळी कळलं.

तर मावशी म्हणाल्या, "भांडता कशाला? ते कपाट ठेव माझ्याकडे. जागा काय मला खाते?"

कपाट वर गेलं. मागोमाग पातेली गेली. मग ती एक सवयच लागली. कुठल्याही वस्तूपाशी अडलं की दोघांपैकी कोणीतरी म्हणायचं, मावशींकडे ठेवू, आणि विषय मिटायचा. गारेगार एकेक नग खांद्यावर घेऊन जिना चढायचा. सुईताई खालूनच सांभाळून न्यायला सांगायची. ती स्वतः वर जाईनाशी झाली होती. दुकानातली हातची कामं उरकायची होती, गाडीच्या गाद्या शिवायच्या होत्या. घर मात्र रिकामं होत चाललं होतं, आणि त्या रिकामपणाची तिला नशा चढल्यासारखी झाली होती. बोललं की खोलीत आवाज घुमायचा. फरशी पुसायला आता काही हलवावं लागत नव्हतं. तिच्याकडे येणाऱ्या बायांना ती सांगायची, माणसाला लागतं किती थोडं.

मुलगी दुपारी वर जायची, तिथेच अभ्यास करायची. एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "आई, वरची आजी हल्ली खुर्चीतच झोपते." सुईताई म्हणाली, म्हाताऱ्या माणसांना बसल्या बसल्या डुलकी लागते. मुलगी पुन्हा भाजी निवडायला लागली. आपण ते ऐकलं होतं, अगदी स्वच्छ ऐकलं होतं, हे सुईताईला पुढे फार छळणार होतं.

निघायला थोडे दिवस उरले होते. गारेगार गाडीच्या कामाला गेला होता आणि भिंतीवरचा आरसा तेवढा राहिला होता. तो घेऊन सुईताई स्वतःच जिना चढली. मावशींचं दार अर्धंच उघडलं. मागे काहीतरी अडत होतं. ती आरसा आडवा धरून, पोट आत घेऊन कशीबशी आत शिरली.

आत चालायला जागा नव्हती. दाराशी सायकल, सायकलवर उशा. पलंगावर पाहुण्यांच्या गाद्या छताच्या दिशेने रचलेल्या. पातेल्यांत पातेली आणि त्यांवर तिच्याच घरचे पडदे. मधून एक माणूस तिरकं होऊन जाईल एवढी वाट राखलेली होती. मावशी त्या वाटेने सरावलेल्या पावलांनी स्वयंपाकघरात गेल्या आणि चहा टाकला.

खिडकीखाली मावशींच्या नवऱ्याचं तिरकं टेबल असायचं. ते जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचे आणि घरीही त्याच टेबलावर काम करायचे. मुलगी लिहायला शिकली ती त्याच्यावरच. तिथे आता काचेच्या दारांचं कपाट उभं होतं. खिडकी अर्धी झाकली गेली होती.

"मावशी, काकांचं टेबल कुठे गेलं?"

"दिलं भंगारवाल्याला," मावशी आतून म्हणाल्या. "नाहीतर तुझं कपाट कुठे मावलं असतं?"

सुईताईने झोपण्याचंही विचारलं. या वयात झोप लागते कुठे, पडलं काय आणि बसलं काय, असं मावशी म्हणाल्या. मग चहाचा कप तिच्या हातात देऊन त्यांनी आरसा घेतला, तो कुठे ठेवावा हे पाहत त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "वर्षाचा तर प्रश्न आहे. सामान इथे आहे म्हटल्यावर तुम्ही येणारच. मी काय उगीच घरात ओझं भरून घेतेय?"

सुईताईने चहा न पिताच कप खाली ठेवला.

वर्षभर फिरून येऊ, असं मावशींना सांगितलं होतं. तसं ठरलेलं मात्र नव्हतं. घरमालकाला कायमचं घर सोडतो म्हणून केव्हाच कळवलं होतं आणि दुकानही दुसऱ्याला दिलं होतं. खोटं बोलायचं असं दोघांनी ठरवलं नव्हतं. मावशींनी विचारलं होतं, वर्षभरात याल ना, आणि सुईताई म्हणाली होती, येऊ की. त्या दोन शब्दांवर मावशींनी नवऱ्याचं टेबल घराबाहेर काढलं होतं.

तिने गारेगारला सांगितलं. तो बराच वेळ पाना फिरवत राहिला. मग म्हणाला, आता सांगून त्यांना कशाला दुखवायचं? राहू दे सामान. म्हातारीला तेवढाच आधार. तो वाईट हेतूने बोलत नव्हता, आणि सुईताईलाही घटकाभर ते पटलं. नेमकं त्यानेच ती घाबरली. आपल्याला सोयीचं आहे ते आपण मावशींच्या भल्याचं म्हणून खपवतोय, हे तिला लख्ख दिसलं. खुर्चीत बसून झोपणारी बाई, आणि तिच्या पलंगावर आपल्या गाद्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर गेली. बसायला जागा नव्हती म्हणून उभ्यानेच बोलली. आम्ही राहायला परत येणार नाही, म्हणाली. येत जाऊ, भेटत जाऊ, पण या घरात नाही.

मावशींनी एकेक प्रश्न विचारला. मालकाला कळवलंय का? हो. कधी? सामान वर आणायला लागलो त्याच्याही आधी.

"मग मला का नाही सांगितलंस?"

तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, असं म्हणायचं ती जिन्यातच ठरवून आली होती. पण ओठांवर भलतंच आलं. "तुम्ही रडला असतात तर माझा पाय निघाला नसता म्हणून."

"मी नसते रडले," मावशी म्हणाल्या. त्यांनी सायकलवरची एक उशी उचलली, झटकली आणि सुईताईच्या हातात दिली. "उद्यापासून हे सगळं खाली न्या. मी काय गोदाम आहे?"

निघायचा दिवस पुढे गेला. वर नेलेला संसार पुन्हा खाली आला, आणि या वेळी कोणी भांडलं नाही. कपाट गॅरेजच्या रांगेतल्या एका रंगाऱ्याने नेलं, पातेली एका खाणावळीत गेली. वडिलांचं कपाट हातगाडीवरून जाताना सुईताईने वळूनही पाहिलं नाही. तिला काही वाटेनासं झालं होतं. वाटत होतं ते सगळं एका टेबलाभोवती फिरत होतं. ती भंगारवाल्याकडे गेली. त्याने एका लाँड्रीचं नाव सांगितलं. लाँड्रीवाल्याने फळी सुटी करून, तिच्यावर जाड कापड ताणून इस्त्रीचं टेबल केलं होतं. पाय कुठे गेले ते त्याला माहीत नव्हतं. ती बघत उभी असतानाच त्याने त्यावर एक शर्ट पसरला. परत मागायला तोंड उघडेना. काय मागणार होती?

मावशींना तिने तेही सांगितलं. मावशी म्हणाल्या, "इस्त्रीला सपाटच लागतं. ते तिरकं होतं, कोणाच्या उपयोगाचं नव्हतं." मग त्यांनी तोंड फिरवलं आणि ओटा पुसायला घेतला. ओटा स्वच्छच होता.

गाद्यांच्या वजनाने मावशींच्या पलंगावरची गादी मधोमध दबून गेली होती. सुईताईने स्वतःच्या हाताने नवी शिवली. आयुष्यात एवढे बारीक टाके तिने कोणाच्या सीटला घातले नव्हते. मावशींनी ती हाताने दाबून पाहिली आणि टाके बरे आहेत एवढंच म्हणाल्या. निघायच्या दिवशी त्या खाली आल्या नाहीत. मुलगी वर गेली ती बऱ्याच वेळाने उतरली, आणि डोळे पुसून गाडीत मागे जाऊन बसली.

प्रवास वाईट झाला असता तर सुईताईला सोपं गेलं असतं. तो वाईट झाला नाही. गाडी कधी मधेच रुसायची, पावसात एका कोपऱ्यातून गळायची, पण दिवस चांगले होते. गारेगार एका बंदरात मासळीवाल्यांच्या बर्फपेट्या दुरुस्त करायला बसला की आठवडा आठवडा उठायचा नाही. सुईताई होड्यांच्या गाद्या शिवायला शिकली. सकाळी दार उघडलं की समोर रोज वेगळं काहीतरी असायचं, आणि तिला आनंद व्हायचा. अगदी खरा आनंद. मग त्याच्या पाठोपाठ ती तिरक्या वाटेने चालणारी बाई आठवायची. गारेगार म्हणायचा, किती दिवस स्वतःला टोचत राहणार आहेस? ती म्हणायची, दाभणच आहे हातात, दुसरं काय करू?

मावशींशी फोन व्हायचा तो मुलीचा. दोघी तासन्‌तास बोलायच्या. सुईताई शेजारी शिवत बसलेली असायची. मुलगी मधेच फोन पुढे करायची, तर पलीकडून गॅसवर दूध आहे असं काहीतरी सांगून मावशी लाईन तोडायच्या.

परीक्षा जवळ आली तेव्हा मुलीने सांगितलं की अभ्यासाचे तीन महिने तिला वरच्या आजीकडे राहायचंय. मावशींनाही तिने आधीच विचारलं होतं. गारेगारने बायकोकडे पाहिलं. सुईताईच्या मनात आलं, आपलं देणं ही पोर फेडायला निघालीय, आणि आपण तिला अडवू शकत नाही. बारा वर्षांच्या मुलीवर हे ओझं आपण टाकलं. पण मुलीच्या चेहऱ्यावर ओझं वगैरे काही नव्हतं. ती आत्तापासूनच पिशवी भरायला लागली होती.

तिला पोचवायला ते गेले. मावशी या वेळी फाटकापर्यंत खाली आल्या होत्या. थोड्या वाकलेल्या वाटल्या. त्यांनी मुलीला जवळ घेतलं, गारेगारला गाडी फार आवाज करते म्हणून सुनावलं आणि सुईताईला चहाला वर ये म्हणाल्या. खिडकीखाली नवं साधं टेबल मांडलं होतं. भिंतीवर जुन्या टेबलाची कड जिथे टेकायची तिथला तिरका फिकट पट्टा अजून दिसत होता. सुईताईने माफी मागायची म्हणून दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा मावशींनी बिस्किटांचा डबा पुढे सरकवला.

दोघंच पुढे निघाली. मागची सीट रिकामी होती. सुईताई मागे वळून पाहायची आणि पुन्हा पुढे बघायची. चौथ्या दिवशी फोन वाजला. मुलीचा असेल म्हणून तिने उचलला, तर मावशी.

"ऐकतेस का? हिच्या केसांत एवढा गुंता कसा? किती दिवसांनी तेल लावतेस तू?"

"लावते मावशी. आठवड्यातून एकदा तरी."

"एकदा पुरत नाही," मावशी म्हणाल्या, आणि नेहमीसारखं पटकन ठेवून न देता त्या मुलीच्या केसांबद्दल, अभ्यासाबद्दल, रात्री उशिरापर्यंत वाचण्याबद्दल बोलत राहिल्या. सुईताई हो, हो म्हणत ऐकत होती. बोलणी खाताना तिला बरं वाटत होतं, आणि आपल्याला बरं वाटतंय याचीच तिला लाज वाटत होती. गारेगारने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं, म्हणजे तिला नीट ऐकू यावं.