सिनेमाची गोळी

किस्से सांगितले नाहीत की साठत जातात. आमचे तर नुसते साठतच असतात! मी नाशिकला एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या सेंटरवर समुपदेशक आहे. इथलं हसू घरी नेता येत नाही. तुम्हाला सांगतेय तेही नावं-गावं बदलून!

*

ओझरच्या एका फिटरनं घरी सांगून टाकलं, "शुगरची गोळी आहे." झालं! बायकोनं त्याचा चहा बिनसाखरेचा केला. सणाला सगळ्यांना श्रीखंड आणि याला काकडी! आमच्याकडे आला की कॅन्टीनचा गोड चहा दोन-दोन कप मारायचा. म्हणायचा, "ताई, आजार परवडला, पथ्य नको!"

*

गोळ्यांची डबी एसटीत खुळखुळते, म्हणून सगळे तिच्यात कापूस कोंबतात. एक आजोबा कापूस विसरले. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय वाजतंय हो?"

"नातवाचा खुळखुळा!"

"बघू की, कसा आहे!"

आजोबा पुढच्याच स्टॉपला उतरले आणि उरलेला रस्ता उन्हातून चालत आले.

*

जुन्या गोळ्या जीव वाचवायच्या, पण त्रासही द्यायच्या. एका गोळीनं गाल बसायचे. चांदवडच्या मावशी गाव ओळखेल म्हणून कांदे निवडतानाही पदर गालावर धरायच्या. मग कमी त्रासाच्या गोळ्या आल्या, गाल भरले, अंगही भरलं. मावशी तक्रार घेऊन हजर! "ताई, एक ब्लाउज होईना!"

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

*

पेशंट बाहेर दिसला तर आपण ओळख दाखवायची नाही, हा आमचा नियम. मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नात तिचे व्याही समोर आले. मैत्रिणीनं ओळख करून दिली. ते हात जोडून म्हणाले, "पहिल्यांदाच भेटतोय!" मी म्हटलं, "हो ना!" पंगतीत त्यांनी मला आग्रहानं दोनदा जिलबी वाढली. अख्ख्या शहरात माझ्या ओळखीची माणसं आहेत आणि मी रस्त्यानं मान खाली घालून जाते. फार एकटं वाटतं कधी कधी.

*

जुन्या गोळ्यांतली एक झोपताना घ्यायची असे. तिनं डोकं गरगरायचं आणि रात्रभर रंगीत स्वप्नं पडायची. पेशंट तिला 'सिनेमाची गोळी' म्हणायचे. दिंडोरीचे नाना द्राक्षबागेत छाटणीला उभे राहिले की त्यांच्याभोवती वेलींचा मांडव फिरायचा. बायको याच आजारानं आधीच गेलेली, घरात एकटेच. आम्ही नवी गोळी सुरू केली. चक्कर थांबली, रिपोर्ट छान आले. तरी नाना खुर्चीतून उठेनात.

"झोप लागते ना, नाना?"

"लय गाढ."

"मग काय होतंय?"

"जुन्या गोळीवर सुमन रोज यायची वो. भाकरी टाकायची, माझ्यावर खेकसायची. नव्या गोळीवर येत नाय."

नाना माझ्या मागच्या कपाटाकडे बघत होते.

"ताई, चक्कर आली तरी चालंल. जुनी एखादी डबी राहिली असंल तर बघा ना!"