माझ्या अक्षरातले एक्क्याण्णव टक्के

"डोकं आमच्या पोरीचं. हात काय, कोनाचाही चालला असता."

बापूसाहेब हे माइकवर बोलले. मारुतीच्या देवळासमोर मांडव, समोर सगळं गाव, आणि मी स्टेजच्या कडेला नारळांचं ताट धरून उभी. त्यांची पूर्वा दहावीला एक्क्याण्णव टक्के घेऊन शाळेत पहिली आली होती. लोक हसले. सगळ्यांत आधी हेडमास्तर हसले. पूर्वाच्या गळ्यात हार पडला, मला एक पेन मिळाला. माझी आई मागे बायकांत बसून टाळ्या वाजवत होती.

ते एक्क्याण्णव टक्के माझे होते.

झालं असं. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी पूर्वा स्कूटीवरून पडली. उजवा हात मोडला. खरंच मोडला, त्यात खोटं नाही. अशा वेळी पेपर लिहायला लेखनिक मिळतो आणि तो खालच्या वर्गातला लागतो. मी नववीत होते, अक्षर चांगलं. शिवाय आमची अर्धा एकर वांगी आणि मेथी बापूसाहेबांच्या विहिरीच्या पाण्यावर पिकते. मला कोणी विचारलं नाही. घरी निरोप आला, "उद्यापासून पोरीले धाडा."

पूर्वा एका वर्षानं मोठी, तरी मी तिला ताई म्हणायचं. ती मला म्हणायची, "ए वांगेवाली."

लिहिताना शब्द चुकू नयेत म्हणून हेडमास्तरांनी मला दहावीची पुस्तकं दिली. पंधरा दिवस मी ती अधाशासारखी वाचली. भूगोलात ब्राझील होता. त्या देशातही एक कोपरा पावसाविना कोरडा राहतो, डोंगर आडवे येतात म्हणून. मी बांधावर बसून हसले. म्हणजे आपल्यासारखी माणसं तिकडेही आभाळाकडे बघतात! कोणी माझी चाचणी घेणार नव्हतं. आयुष्यात तेवढं शिक्षण मला पुन्हा कधी मिळालं नाही.

परीक्षेला आम्हाला वेगळी खोली. आम्ही दोघी, आणि खिडकीकडे तोंड करून बसलेले एक सर. ती सांगेल तेच मी लिहायचं, असा नियम. पहिल्या पेपरला ती दोन ओळी बोलली आणि थांबली.

"तूच लिही ना वं. तुले येते तं."

आणि मी लिहिलं. सगळे पेपर. कोणी धमकावलं नव्हतं, हेही सांगून टाकते. मला येत होतं, हात थांबेना. मार्क माझे नव्हते, म्हणून भीतीही नव्हती.

भीती नाही, पण हेवा आला. निकालानंतर एसटी स्टँडवर पूर्वाचा फ्लेक्स लागला. मी रोज त्याच्याखालून शाळेत जायची आणि रोज माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आयत्या बिळावर नागोबा! तिच्या हसण्याचा हेवा, तिला मिळालेल्या टॅबचा हेवा, अकोल्याला क्लासला जाणाऱ्या तिच्या बॅगेचा हेवा. इतकंच काय, मला परीक्षेच्या वेळच्या त्या प्लास्टरचासुद्धा हेवा वाटला. सगळ्यांनी त्यावर सह्या केल्या होत्या. माझ्या हातावर कोण सही करणार?

पुढच्या वर्षी माझी दहावी. मनात एकच आकडा, एक्क्याण्णव. त्याच्यावर एक जरी मार्क आला तर गावाला कळेल, डोकं कोणाचं होतं. मग मी पुस्तक वाचणं सोडलं आणि प्रश्न पाठ करायला लागले. कोणता दोन मार्काला, कोणता चारला. पेपरात तोच ब्राझीलचा कोरडा कोपरा विचारला. तो किती मार्काचा आहे ते मला पक्कं आठवलं. पाऊस का पडत नाही, ते आठवेना. शहात्तर टक्के पडले.

बापूसाहेब आमच्या बांधावर येऊन म्हणाले, "पाह्यलं? मी म्हटलं होतं." मी मान खाली घालून वांगी तोडत राहिले.

गेल्या वर्षी मी अकरावीत होते आणि पूर्वा बारावीत. पुन्हा निरोप आला. आई आणि मी त्यांच्या ओसरीवर गेलो. पूर्वाच्या हाताला पुन्हा प्लास्टर. बापूसाहेब म्हणाले, पडली बिचारी. तिचा मोबाइल वाजला. पूर्वानं तो त्याच हातात घेतला आणि त्याच हाताच्या बोटांनी भराभर टाइप केलं.

मी बघितलं. मी बघितलं हे तिनंही बघितलं.

"मी लिहिनार नाही," मी म्हणाले.

बापूसाहेब शांतपणे म्हणाले, "तुमचे वांगे पानी कोनाचं पेतात?"

आईनं माझा दंड धरला. "लिहून दे ना माय. तुले काय जाते त्यात?"

"माह्यंच जाते, आई. सगळं माह्यंच जाते."

मी निघाले. पूर्वा मागून फाटकापर्यंत धावत आली. रडत होती. "मले तिथं अकोल्याले काहीच समजत नाही वं. मास्तर म्हन्ते, एक्क्याण्णववाली ना तू, मंग हे काऊन येत नाही? मी का सांगू त्याले?"

मला दया यायला हवी होती. आली नाही. मला फक्त एवढं कळलं की तिच्या त्या हाराखाली काहीच नव्हतं, आणि तरीही मला तो हार हवा होता. आजही हवा आहे. खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी पाणी बंद झालं. फुलावर आलेली वांगी वाळली. आता आई अमडापूरच्या बाजारात दुसऱ्यांची भाजी विकायला बसते. ते माझ्यामुळे झालं आणि ते मी नाकारत नाही.

यंदा बारावी माझी आहे. ज्याला खरंच हात नाही, डोळे नाहीत, त्याच्यासाठी मी कधीही लिहीन. तो सांगेल ते, एक अक्षर जास्त नाही. बाकी कोणाला माझ्या हातचं एक वाक्य मिळणार नाही, विहीर आटवली तरी. आणि माझ्या पेपरात मला जे कळलं नसेल ते मी कोरं सोडीन. घरी येऊन पुस्तक उघडीन आणि ते समजून घेईन, परीक्षा संपलेली असली तरी.