कॅटलॉगावरची लाल टिक

आबिड्स बाजारातल्या शोरूममध्ये मी उभी हयात गाड्या विकल्या, असं मी सांगतो. खरं म्हणजे गाडी तिथे नसायचीच. नोंदणी झाली की गिऱ्हाइकाला गुळगुळीत कागदाचा रंगीत कॅटलॉग द्यायचा आणि मग त्याने वर्षानुवर्षं वाट बघायची. एका वकीलसाहेबांनी तर दसऱ्याला कॅटलॉगलाच हार घातला. शोरूमच्या प्रतीवर निवडलेल्या रंगापुढे मी लाल पेन्सिलीने टिक करायचो आणि गिऱ्हाइकाची सही घ्यायचो. नंतर भांडण नको.

पुढे बाजार खुला झाला, नव्या गाड्या आठवड्यात दारात येऊ लागल्या. मालकांनी जुने कॅटलॉग रद्दीत काढले, ते मी पेटीभर घरी आणले. बायको म्हणाली, "आता गाड्या सोडून कागद विकणार का?"

तिला हसू दे. जुनी गाडी पुन्हा उभी करणाऱ्यांना हाच कागद सोन्यासारखा. इंजिन कसं खोलायचं ते कुठलाही मिस्त्री सांगेल. पण दारावरची चकचकीत पट्टी किती उंचीवर होती, सीटची शिवण कुठल्या रंगाची होती, हे फक्त गिऱ्हाइकाला भुलवायला छापलेल्या पानांत सापडतं.

त्याच वकीलसाहेबांची गाडी गौलीगुडा मोहल्ल्यातल्या एका उस्तादांकडे दुरुस्तीला आली. साहेबांच्या बाईसाहेब अंथरुणाला खिळल्या होत्या. ज्या गाडीतून त्या नवरी होऊन आल्या, ती जशीच्या तशी त्यांच्या खिडकीसमोर उभी करायची होती, तीही त्यांना कळू न देता. पत्र्यावर मूळ रंगाचा कण उरला नव्हता आणि साहेबांना रंगांतला फरकच कळत नसे, म्हणून उस्तादांनी मला बोलावून विचारलं.

"फिकट हिरवा!" मी छातीवर हात मारला. "असल्या तीनशे गाड्या विकल्यात मी!"

विकल्या होत्या अकरा.

रंगाच्या दिवशी सकाळी, नुसती मिरवायला म्हणून, साहेबांच्या सहीची, टिक केलेली प्रत काढायला पेटी उघडली. प्रत नाही. दोनदा पेटी पालथी केली, गादी उचलली, देवामागे बघितलं.

"तो जाड कागद होय?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "दिवाळीला फळीवर अंथरला. काय छान बसलाय!"

आम्ही डबे उतरवले. फोडणीचा धूर आणि सांडलेली हळद यांनी सगळे रंग एकसारखे पिवळट झाले होते. तिने शांतपणे तांदळाचा डबा बाजूला केला. खाली गोल, स्वच्छ जागा उरली होती; तिच्यात सहीसकट लाल टिक.

राखाडीपुढे.

कागद सदऱ्यात घालून स्कूटर हाणली. वाटेत प्रत्येक सिग्नल माझ्याशीच वैर असल्यासारखा लाल होत होता. एक झकास थाप तयार झाली होती: म्हणे त्या वर्षी छापखान्याने रंग उलटसुलट केले. त्याहून सोपं म्हणजे गप्प बसणं. सांगणार कोण? फक्त बाईसाहेब, खिडकीतून बघून. त्या काही बोलल्या नसत्या. साहेबांना वाईट वाटेल म्हणून हसल्या असत्या. ते हसणं डोळ्यांपुढे आलं आणि मी स्कूटर आणखी पिळली.

पोचलो तेव्हा एक दार फिकट हिरवं झालं होतं. उस्तादांनी फवारा थांबवला.

"क्या साब, हाँपते कायकू? बराबर है ना कलर?"

थाप जिभेच्या टोकापर्यंत आली. मी कागद पुढे केला. त्यांनी टिक बघितली, सही बघितली, मग माझ्याकडे.

"तीन सौ गाड्यां बेचे बोले थे ना तुम?"

"अकरा," मी म्हणालो.

"ये वाली मिला के?"

"हो."

त्यांनी पॉलिश पेपरचा तुकडा पाण्यात बुडवला आणि माझ्या हातात ठेवला. "सूखने दो. फिर घिसो. पूरा दरवाजा तुमीच घिसना."

संध्याकाळपर्यंत मी त्या दाराशी उकिडवा बसून हिरवा रंग उतरवत होतो.