प्राजक्ताच्या खुंटावरचं मुंगूस

बहात्तर साली भिंगारच्या बाजारात बातमी उठली, की आमच्या शेजारची छबूबाई मेलेल्या नवऱ्याला रोज सकाळी वाटीने दूध पाजते, आणि तोही मुकाट पितो. बातमी माझी नव्हे. माझी असती तर दुधात साखरही घातली असती. खरं सांगायचं तर त्या दुष्काळात छबूबाईच्या स्वतःच्या चहालाच दूध नव्हतं. वाटी नव्हती, फुटक्या माठाचं खापर होतं. त्यात पाणी होतं आणि ते पिणारं मुंगूस होतं. आता ते मुंगूस म्हणजे कोण, यावर मात्र आळीत एकमत नव्हतं.

माझ्या विनोदाला न हसणारं भिंगारात एकच माणूस, ते म्हणजे छबूबाई. किडकिडीत अंगाची, बोलण्यात कंजूष. आम्ही भाजी धुतली की ती भिंतीपलीकडून बादली पुढे करायची. "आण्णा, पानी सांडू नगा," एवढंच बोलायची. ते पाणी शेवंतीला जायचं. नवरा होता तेव्हा हीच बाई कुरकुरायची, की या झाडांपायी भांडी वाळत घालायला जागा नाही.

नवरा राधाकृष्ण छावणीतल्या साहेबांच्या बंगल्यांवर माळी होता. तिथे उपटून फेकलेलं जे काही असेल ते ओल्या गोणपाटात गुंडाळून घरी आणायचा. शेवंतीचे फुटवे, गुलबक्षीचे कंद, अबोलीची रोपं. पाण्याची झारी वाहून वाहून त्याचा एक खांदा उतरला होता, त्यामुळे मान कायम थोडी कलती. समोर उभा राहिला की वाटायचं, आपण काहीतरी खोटं बोललोय आणि याला ते कळलंय.

त्याच अंगणात समोरच्या दाराला धाकटा भाऊ गोरक्षनाथ. मधोमध प्राजक्त. आश्विनात दोन्ही दारांपुढे सडा पडायचा, पण त्याबरोबर केसाळ सुरवंटही पडायचे. एकदा त्यातला एक गोरक्षनाथाच्या अंथरुणात निघाला. दुसऱ्या दिवशी भाऊ कामावर गेलेला असताना त्याने झाड तोडलं. संध्याकाळी राधाकृष्ण आला, खुंटाकडे बघितलं, शेवंतीला पाणी घातलं आणि हात धुतले. पुढे कित्येक वर्षं तो भावाशी बोलला नाही. गोरक्षनाथाने "दादा" म्हणून हाक मारली, तर जवळपास कुठेतरी पाखरू ओरडल्यासारखी मान वळवायचा आणि आपल्या कामाला लागायचा.

एकाहत्तरच्या आश्विनात तो तापाने गेला. शेवटी गोरक्षनाथाने तोंडात पाणी घातलं, तर ओठ मिटलेलेच राहिले. पाणी कडेने उशीवर ओघळलं. आम्ही म्हणालो, शुद्ध नव्हती. गोरक्षनाथ उशीवरचा ओला डाग पुसत राहिला.

आमच्याकडे माणूस गेला त्या जागी पीठ पसरतात, दिवा लावतात, वर टोपली पालथी घालतात. सकाळी त्या पिठावर ज्याची पावलं उमटतील, तो जन्म त्याला मिळाला असं धरतात. आळीतल्या म्हाताऱ्या झुंबरबाईने टोपली उचलली. टोपलीची एक कड आधीच सरकलेली होती. पिठात छोटीशी पाच बोटं, पुढे नखांचे ठिपके.

"मुंगूस," झुंबरबाई म्हणाली. "चांगला जलम हाय. सापाला भीत न्हाई."

मोरीचं भोक कालपासून उघडंच आहे, असं मी हळूच म्हणालो. कोणी हसलं नाही. गोरक्षनाथ पिठाकडे टक लावून होता.

मग पावसाने पाठ फिरवली. विहिरींचे तळ दिसले, रेशनवर परदेशी लाल ज्वारी, मिलो, आली, आणि आळीत हिरवं म्हणावं असं एकच ठिकाण उरलं, छबूबाईची बाग. ओढ्याकडून जे जे जगलं होतं ते तिथे यायला लागलं. होले, साळुंक्या, सरडे. एका सकाळी बरगड्या निघालेलं खोकडसुद्धा येऊन उभं. कोणी किलबिल करत नसे, कोणी कोणाला घाबरत नसे. मयताच्या घरी पाहुणे येतात तशी येत, बसत, निघून जात. छबूबाई त्यांच्यामधून बादली घेऊन फिरायची आणि एकही पाखरू उडत नसे. ते बघवायचं नाही.

मुंगूस शेवंतीच्या वाफ्यातून निघायचं, तिथेच त्याचं बीळ होतं. पाणी प्यायचं. मग प्राजक्ताच्या खुंटावर चढून मागच्या पायांवर उभं राहायचं, तोंड गोरक्षनाथाच्या दाराकडे. मान कलती. मी भिंतीवरून दाढी करता करता ते पाहिलं आणि गालावर वस्तरा लागला.

गोरक्षनाथाने पुढचं दार वापरायचं सोडलं. मागच्या बोळातून जा-ये करायचा. अंगाने निम्मा झाला.

"आण्णा, अजून बघतंय का ते?"

"बघतंय की. पण माझ्याकडं नाही बाबा. माझं त्याच्याशी कधी भांडण नव्हतं."

बोललो खरा, पण त्याचं तोंड बघून जीभ चावली.

दसरा झाला, वर्षश्राद्ध आलं. वडेसुद्धा मिलोच्या पिठाचे. छबूबाईने घास वाढलेलं पान उचललं आणि भिंतीवर न ठेवता थेट खुंटावर नेऊन ठेवलं. आम्ही लांब उभे राहिलो. कावळे आले, भिंतीवर ओळीने बसले, पानाला चोच लावेनात. अशा वेळी मेलेल्याची जी इच्छा राहिली असेल ती पुरी करू असं कबूल करायचं असतं, म्हणजे कावळा शिवतो. सगळे गोरक्षनाथाकडे बघायला लागले.

त्याने हात जोडले. "दादा, प्राजक्त लावतो. याच जागंवर लावतो."

कावळे जागचे हलले नाहीत.

तेवढ्यात शेवंतीची पानं हलली. मुंगूस भर दुपारी माणसांसमोर बाहेर आलं, खुंटावर चढलं, एक वडा तोंडात धरला, गोरक्षनाथाकडे एकदा पाहिलं आणि परत वाफ्यात गेलं. झुंबरबाईने पदर तोंडाला लावला. माझ्या दंडावर काटा आला, तो मी खाजवून मोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोरक्षनाथ कुदळ घेऊन वाफ्यापाशी आला. शेवंती कळ्यांनी भरलेली, एक-दोन उमललेल्या. मी भिंतीवर हजर.

"वैनी, सर बाजूला. बीळ खणतो आन् बुजवतो. ते दुसरीकडं जाईल."

छबूबाई वाफ्यात जाऊन उभी राहिली, पाऊल कळ्यांना लागू न देता. "कळ्या आल्यात, भावजी."

"मला झोप न्हाई, वैनी. डोळा लागला की ते उशापाशी उभं. माझ्यानं सोसवत न्हाई आता." त्याचा आवाज फाटला. "तुला ठावं हाय ते काय हाय. पिठात उमटलं हुतं. काल समद्यांनी बघितलं."

मुंगूस खुंटावर येऊन उभं होतं. छबूबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग कुदळीकडे. आवाज जराही न चढवता ती म्हणाली,

"ते मुंगूस हाय म्हनत असाल तर खुशाल खना, शेवंती मी परत लावीन. तुमचा भाऊ हाय म्हनत असाल, तर कुदळ खाली ठिवा आन् आधी त्याच्यासंगं बोला."