कॅसेटमधलं झाड

अमेरिका मी पाहिली ती निरवांगीत, आमच्याच पुढच्या खोलीत, एका रविवारी दुपारी. विमानानं जाऊन पाहिली असती तर इतकी नीट दिसली नसती असं मला अजून वाटतं, कारण ही मागं घेऊन परत परत बघता येत होती.

नव्वद सालाला पाच-सहा वर्षं होऊन गेली असतील. आमचा मुलगा कॉम्प्युटरच्या कामावर दोन वर्षांसाठी म्हणून तिकडं गेला होता आणि आता चौथं वर्ष लागलं होतं. कधी येणार विचारलं की पत्रातही 'बघू' आणि फोनवरही 'बघू'. मग एकदा त्यानं कळवलं, तुम्हाला इकडचं सगळं दिसावं म्हणून व्हिडिओ कॅसेट पाठवतोय. आमचे हे लगेच म्हणाले, त्यातच सांगितलं असेल कधी येतोय ते. लिहून नाही, तोंडानं सांगायचं असेल त्याला. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं.

कॅसेट आली, पण इथल्या मशीनवर चालेना. पडद्यावर नुसत्या रेघा. तिकडची कॅसेट वेगळ्या तऱ्हेची असते म्हणे. मग बारामतीत लग्नाचं शूटिंग करणारा एक जण होता, त्याच्याकडं दिली. त्यानं ती पुण्याला पाठवली. पंधरा-वीस दिवस गेले. तेवढे दिवस हे रोज एसटीच्या वेळेला बाहेर जाऊन उभे राहायचे, जसा काही मुलगाच उतरणार होता. शेवटी कॅसेट आली, टीव्ही न् व्हिडिओ भाड्यानं आणला आणि दुपारपासून अर्धी आळी आमच्याकडं. त्यांना अमेरिका बघायची होती. आम्ही दोघं एक वाक्य ऐकायला बसलो होतो.

मुलगा स्वतः कॅमेरा धरून होता, त्यामुळं तो काही दिसला नाही. नुसता आवाज. दिसायची ती सूनबाई, हात हलवताना, आणि रस्ते. एवढाले रुंद, धुतल्यासारखे रस्ते आणि त्यांवर चिटपाखरू नाही. माझी धाकटी जाऊ बराच वेळ बघून म्हणाली, "आक्का, आज तिकडं बाजार दिसतोय. समदी तिकडंच गेल्याली."

मग भांडी धुवायचं मशीन आलं. सूनबाईनं एकेक ताट नळाखाली स्वच्छ धुतलं आणि मग मशीनमध्ये लावलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. धुतलेली भांडी परत धुवायची तर मशीन काय करतं, असं कुणीतरी विचारलं. जाऊ म्हणाली, सोवळ्याचं असंल. पुढं एक बाई कुत्रं घेऊन चाललेली. कुत्र्यानं घाण केली तशी तिनं ती वाकून पिशवीत भरली आणि पिशवी हातात घेऊन ऐटीत पुढं निघाली. आमच्यात तर हसून हसून एकीला ठसका लागला.

आणि गवत. शेजारचा एक म्हातारा मशीन ढकलत दारापुढचं गवत कापत होता. हिरवंगार, ओलं. कापलेलं सगळं त्यानं पिशव्यांत भरलं आणि रस्त्याच्या कडेला कचऱ्यात ठेवलं. आमच्याकडं त्या साली चारा इतका महाग की लोक उसाचं पाचट घालत होते. हे उठून टीव्हीजवळ गेले. मागं घ्यायला लावून तेवढंच दोनदा पाहिलं. "आरं, एवढं रान न् एक मेंढरू न्हाय," म्हणाले. लोक पुन्हा हसले. हेही हसले.

मग कॅमेरा घराच्या मागं गेला. तिथं छातीएवढं एक रोप, काठीला दोरीनं बांधलेलं. मुलाचा आवाज आला, "आबा, घर घेतल्यावर हे मी माझ्या हातानं लावलंय. मेपल म्हणतात. दहा वर्षांनी मस्त सावली पडेल याची."

पुढं आणखी बरंच होतं. बर्फ होतं, मोठं दुकान होतं. शेवटी सूनबाईनं नमस्कार केला आणि पडदा निळा झाला. आम्हाला हवं होतं ते वाक्य काही आलं नाही. बायका चहा पिऊन, कुत्र्यावाल्या बाईची नक्कल करत घरोघर गेल्या. हे कधी उठून गेले मला कळलं नव्हतं. बघते तर मागच्या पायरीवर बसलेले.

मी म्हटलं, काही बोलला नाही ओ पोरगा. पुढच्या पत्रात लिहील.

"बोलला की," हे म्हणाले. "आता न्हाय यायचा त्यो. झाड लावलंय त्यानं."

हे कुणा दुसऱ्याला सांगितलं तर पटणार नाही. पण आम्ही मेंढरांमागं फिरलेली माणसं. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे बिऱ्हाडासकट सगळा कळप, निघायचा, घाट उतरून कोकणात. कुणाच्या वावरात मेंढरं बसवायची, चार दिवसांनी पुढं. तीन दगडांच्या चुली मी किती मांडल्या आणि मोडल्या, गणती नाही. पण रोप कधी लावलं नाही. जिथून उठायचं तिथं कोण लावतं? मेंढरं विकून इथं जमीन धरली, तेव्हा ह्यांनी दारात आंबा लावला. सासरे खड्ड्याशी उभे होते. म्हणाले, म्हणजे आता आपण निघायचं न्हाय. आणि उपरण्यानं डोळे पुसत आत गेले.

ह्यांचं ऐकून मी आत गेले आणि चहाचे कप गोळा करायला लागले.

तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, पत्र लिही. आमच्या घरी लिहिणारी मीच. मुलगा पहिलीत असताना त्याच्या पाटीवर त्याच्याबरोबर शिकले. मी एरोग्राम, परदेशी पाठवायचं ते निळं घडीचं पत्र, घेऊन बसले आणि हे सांगत गेले. बुंध्याला पाणी घालू नको, हातभर लांब आळं कर. तुमच्याकडं बर्फ पडतं तर थंडीत गोणपाट गुंडाळ. काठीची दोरी फार आवळलीय, मी टीव्हीत बघितलंय. खोड जाड झालं की ती सालीत रुतंल. सैल कर.

मी मध्येच विचारलं, कधी येतोस ते लिहू का?

"झाडाचं लिही," म्हणाले.

खाली दोन ओळींची जागा उरली होती. दर पत्रात मी तिथं तेवढंच विचारायची, इतकी वर्षं. पेन टेकवलं आणि उचललं. घडी घातली, कडा चिकटवल्या.

"समदं लिवलंस?" ह्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "व्हय."