राखलेलं बी

धावड्याच्या पुंजारामला बियाण्यासाठी मक्याची कणसं निवडायची नजर होती. जालन्याच्या एमआयडीसीत कारखान्यावर लागून अकरा वर्षं झाली, तरी ती गेली नाही.

कारखान्यात कापडावरची खळ काढणारं एन्झाइम बनतं. बनवतात जिवाणू, मोठ्या बंद टाक्यांत. प्रयोगशाळेतल्या आसिफाने त्या जिवाणूंत बाहेरचं एक जनुक घातलं होतं. त्यामुळे ते कितीतरी पट जास्त एन्झाइम सोडत. दर बॅचला तिच्या गोठवलेल्या कुप्यांतली एक वापरायची, असा नियम. पुंजारामला तो पटत नसे. चांगली उतरलेली बॅच समोर असताना बर्फातलं बी कशाला? त्याने तिच्यातली एक बाटली भरून राखली आणि पुढची टाकी तिच्यावर लावली. मग त्या टाकीतली एक राखली. वाढ दर खेपेला जास्त झपाट्याने होई. तो कुणाला बोलला नाही, पण मनातून सुखावला.

पाचव्या बॅचला टाकी दाट झाली आणि एन्झाइम पावसुद्धा निघालं नाही.

मॅनेजर काकासाहेबांनी आसिफाला बोलावलं. "तुझ्या कुप्या नासल्या. दुपारी सगळा डबा वाफेत घालून संपव."

त्या डब्यात तिची तीन वर्षं होती.

"साहेब, कुप्या न्हाई नासल्या," दारातून पुंजाराम म्हणाला. "चार खेपा म्या त्यांना हातच न्हाई लावला. आधीच्या बॅचचं राखून लावत आल्तो."

"कुणाला विचारून?"

"कुणाला न्हाई. वाटलं, चांगल्याचं चांगलंच निघंल."

आसिफाने डबा उघडून मोजलं. नोंदीपेक्षा चार कुप्या जास्त होत्या.

"चाचा," ती म्हणाली, "ते जनुक म्हणजे जिवाणूंच्या पाठीवरचं ओझं. ज्यानं टाकलं तो हलका झाला, जल्दी वाढला. तुम्ही दर खेपेला त्यालाच राखलं."

"म्हंजी कामचुकारच निवडत गेलो म्या."

"बिलकुल."

डबा वाचला. पुंजारामला काकासाहेबांनी टाक्या धुण्यावर टाकलं.

आठवड्याने आसिफा तिकडे आली. तिच्या कुपीवर लावलेल्या बॅचचं एन्झाइम पुरतं उतरलं होतं. पुंजाराम टाकीत उतरून साका खरवडत होता.

"वाढ कशी होती?" त्याने आतून विचारलं.

"सावकाश."

ते त्याला पटलं. आवडलं नाही.