उलट्याचं उलटं

उघड्यावर बसून चित्र काढणाऱ्या बाईचे आपल्याकडे दोनच अर्थ होतात. एक तर ती मोजणीवाली असते, नाहीतर तिचं घरी काहीतरी बिनसलेलं असतं. मी शहरातून निघून स्कूटीवरून सिल्लोडच्या रस्त्याला लागते, एखादं बरं झाड किंवा टेकडी दिसली की घडीचं स्टूल मांडते आणि स्केचबुक उघडते. पहिली रेघ ओढायच्या आत कुणीतरी मागं येऊन उभं राहतं.

"रस्त्याची मोजणी हाय का?"

"नाही हो, चित्र काढतेय."

"कशापायी?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला चित्रकलेच्या कॉलेजात मिळालं नाही, शाळेत चित्रकला शिकवतानाही मिळालं नाही, आणि आता नोकरी सोडल्यावर तर शोधायचंही बंद केलंय. मी आपली "आवड आहे" म्हणते. समोरचा माणूस मान हलवतो आणि निघताना हळूच विचारतो, की आवड ठीक आहे, पण रस्ता आमच्या बाजूनं जाणार का त्यांच्या? एकानं तर मी काढलेल्या बाभळीच्या चित्रात आपली विहीर नीट आली नाही म्हणून मला पुन्हा बसायला लावलं होतं. नकाशात विहीर राहिली तर नंतर भानगड होते, असं त्याचं म्हणणं. मी विहीर काढली. चित्र बिघडलं, पण माणूस समाधानानं घरी गेला.

फुलंब्रीच्या पुढं एक चहा-भज्यांचं हॉटेल होतं. पत्र्याचं छप्पर, पुढं दोन बाकडी, उजव्या हाताला बसक्या डोक्याची टेकडी. मालकाला सगळा रस्ता मामू म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचे. भजी त्याची बायको तळायची. तिला मी भाभी म्हणे. मामूचा मुख्य धंदा म्हणजे गिऱ्हाइकांशी गप्पा मारणं, आणि तो ते मन लावून करायचा.

हॉटेलावर पत्र्याचा बोर्ड होता. त्यावर ठसठशीत मराठीत हॉटेलचं नाव, म्हणजे भाभीचंच नाव, आणि खाली एका ओळीत तेच नाव उर्दूत. बोर्ड भाभीच्या धाकट्या भावानं रंगवलेला. तो सिल्लोडला दुकानांचे बोर्ड रंगवायचा. फ्लेक्स आले आणि त्याचं काम गेलं, पुढं आजारात तोही गेला. मराठी ओळ मामूनं सांगून लिहून घेतलेली, गिऱ्हाइकांसाठी. उर्दूची ओळ भावानं आपल्या मनानं घातली, कारण भाभी उर्दू शाळेत चार इयत्ता शिकलेली आणि तिला मराठी बोलता फर्डं येत असलं तरी वाचता येत नाही. बहिणीला स्वतःच्या हॉटेलचं नाव वाचता यावं एवढ्यासाठी ती ओळ होती. हे तिनंच मला सांगितलं, कांदा चिरता चिरता, त्यामुळं डोळ्यांतल्या पाण्याचा हिशेब मी कांद्याच्या नावावर लिहिला.

मी हॉटेल समोरच्या कडेला बसून काढलं. भाभी कढई उतरवून रस्ता ओलांडून आली आणि माझ्या खांद्यामागं उभी राहिली. टेकडीशी तिला घेणंदेणं नव्हतं. तिचं बोट उर्दूच्या ओळीवर.

"मॅडम, इथं नुक्ता राहिला."

मी ठिपका दिला.

"आणि ही शेपटी, भाई लई लांब ओढायचा. अजून. अजून थोडी. हां, आता भाईची झाली."

मी काढलेलं एक अक्षरही मला वाचता येत नव्हतं. मेंदीची नक्षी उतरवावी तसं उतरवलं. जन्म ह्या शहरात गेला, निम्म्या जुन्या दुकानांवर दोन-दोन लिप्यांतले बोर्ड पाहत मोठी झाले, आणि त्यातली एक मी वाचली, दुसरी फक्त पाहिली. ह्याचं मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. पुढं वाटायची वेळ आली.

स्केच झालं की मी घरी त्याची लिनोवर छपाई करते. लिनो म्हणजे रबरासारखी चादर. तिच्यावर चित्र कोरायचं, वरून शाई फिरवायची, कागद ठेवून दाबायचा, की ठसा उठतो. पोस्टाचा शिक्का असतो तसंच, फक्त मेहनत जास्त आणि उपयोग कमी. माझ्याकडे छापायचं यंत्र नाही. मी कागदाच्या पाठीवरून आमटीच्या पळीनं घासते. आमच्या कागजीपुऱ्याचा हातकागद देखणा, पण जाड. पळीला तो दाद देत नाही. म्हणून मी पातळ कागद वापरते, पतंगाच्या कागदाहून थोडा बरा. पळी परत स्वयंपाकघरात गेली की नवरा आमटी वाढून घ्यायच्या आधी तिचा वास घेतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याचा माझ्या कलेवर विश्वास आहे, पळीवर नाही.

ठशात सगळं उलटं उमटतं, ही ह्या कामातली मूळ कटकट. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. डोंगर-झाडांच्या बाबतीत मी फिकीर करत नाही. टेकडी ह्या बाजूला गेली काय आणि त्या बाजूला गेली काय, ती काही तक्रार घेऊन येत नाही. पण अक्षरं उलटी कोरावी लागतात, तरच सुलटी छापली जातात. मराठी ओळ मी ट्रेसिंग पेपरवर घेतली, पेपर पालथा घातला आणि शहाण्या मुलीसारखी उलटी कोरली.

मग उर्दूची ओळ आली आणि मी अक्कल पाजळली.

मी मनाशी म्हटलं, ही लिपी उजवीकडून डावीकडे जाते. म्हणजे ती मुळातच उलटी आहे. उलट्याचं परत उलटं कशाला करायचं? हा विचार मला इतका पटला की मी चहा करून घेतला. स्केचमधली ती पट्टी कात्रीनं कापली, सरळ लिनोवर चिकटवली आणि कागदासकट कोरून काढली. कागद आणि रबर यांचा मिळून भुगा झाला, तो मी सुपलीत भरून टाकला. ठसा उठला. मराठी ओळ सुरेख आली. उर्दूही मला सुरेखच वाटली, कारण नक्षी कुठल्याही बाजूनं नक्षीच दिसते. नवऱ्यानं विचारलं, "तुला वाचता येत नाही ते तू कसं तपासलंस?" मी म्हटलं, तुम्ही आमटी बघा.

ठसा कपाटात गेला. मधल्या काळात तो रस्ता खरंच रुंद व्हायला लागला. मोजणीवाले खरे आले आणि मामूचं हॉटेल मागं सरकवायची वेळ आली. मामूनं मागच्या जागेत एक गाळा बांधून घेतला आणि जुनं सामान आवरलं. आवरण्यात त्याची तत्परता अशी की छपराचे पत्रे भंगारवाल्याला देताना बोर्डही त्याच गाडीत चढवला. पत्रा तो पत्रा, असं त्याला वाटलं. भाभी तेव्हा माहेरी गेली होती. ती परत आली आणि तिनं वर पाहिलं.

मला मामूचा फोन आला. आवाज पार बसलेला.

"मॅडम, ते चित्र हाय ना तुमच्याकडं? बोर्डाचं?"

"आहे की. काय झालं?"

"भंगारवाल्याकडं दोनदा जाऊन आलो. त्यानं माल जालन्याला लावून दिला, वितळला बी असंल. मोबाइलात फोटो हायेत, पण हर फोटोत कुणीतरी दात काढून बोर्डाच्या पुढं उभं. खालची ओळ एकात बी नाय. ती माझ्याशी बोलंना झालीय. भज्यात मीठ नाय टाकत. जाणूनबुजून नाय टाकत, मॅडम."

मी ठसा कपाटातून काढला, पुठ्ठ्यात घातला आणि निघाले. सगळ्या रस्त्यानं मी खूश होते, हे सांगायला हवं. कशापायी चित्र काढता, असं विचारणाऱ्या तमाम लोकांना आता माझ्याकडे उत्तर होतं. एका बाईच्या भावाचं अक्षर जगात कुठंच उरलेलं नव्हतं, फक्त माझ्या स्कूटीवर होतं.

नव्या गाळ्याला पुढून मोठी काच होती. रस्त्याच्या कामाची धूळ भज्यांवर बसू नये म्हणून बसवलेली. भाभी काचेमागं शेगडीपाशी होती. मी ठसा टेबलावर पसरला. तिनं पदराला हात पुसले, वाकली, आणि वाकलेलीच राहिली. मामू तिच्या तोंडाकडे बघत होता. मी त्या दोघांकडे, कौतुकाची वाट बघत.

"मॅडम," ती म्हणाली, "ये तो उल्टा है."

"म्हणजे?"

"नाव. माझं नाव उलटं लिव्हलंय. आरशातल्यासारखं."

मामूला हसू फुटलं, आणि तिची नजर वळताच विझलं.

मी माझा तर्क समजावून सांगू लागले. उजवीकडून डावीकडे, म्हणजे आधीच उलटी, म्हणून मग. मोठ्यानं बोलताना तो विचार इतका बावळट ऐकू आला की मी मध्येच थांबले. भाभीनं शांतपणे विचारलं, "आमची उलटी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं नव्हतं. माझं मलाच वाटलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, दुसरी लिनो कोरते, नीट कोरते. तिनं विचारलं, "कशावरून कोरणार?" स्केचची पट्टी भुगा होऊन कचऱ्यात गेली होती, कोरलेली लिनोही मी केव्हाच टाकून दिली होती. हे मी सांगितलं. तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ह्या वेळी जवळपास कांदा नव्हता. मामू बाहेर जाऊन उगाच बाकडं पुसायला लागला.

तिनं ठसा टेबलावरून उचलला. मग कागद किती पातळ आहे ते बघावं तशी ती दोन बोटांत चाचपू लागली. उठली, काचेपाशी गेली आणि कागदाचं तोंड रस्त्याकडे करून तो काचेवर धरला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. कागदाच्या पाठीवर सगळी शाई काळीभोर उमटली. भाभीनं उजवीकडून बोट ठेवलं आणि हळूहळू डावीकडे नेलं. ठिपक्यावर थांबली. लांब शेपटीवर थांबली. ओठ वाचल्यासारखे हलले.

"मीठ कुठं हाय, पीठ कुठं हाय," असं काहीतरी पुटपुटत तिनं वाटीत कणीक घेतली, शेगडीवर खळ शिजवली आणि कागद चारी कोपऱ्यांनी काचेला चिकटवून टाकला. मी मदतीला हात पुढं केला, तो तिनं कोपरानं बाजूला सारला. मला तेवढं बरं वाटलं. रागावलेल्या माणसानं ढकललं की काहीतरी वळणावर येतंय असं मला वाटतं.

मामू बाकडं सोडून आला आणि बाहेरूनच काचेपुढं उभा राहून बघू लागला. त्याच्या बाजूनं मराठी नाव स्वच्छ वाचता येत होतं आणि टेकडी हॉटेलच्या भलत्याच अंगाला गेली होती. खालच्या ओळीवर त्यानं नख आपटलं.

"अगं, बाहेरून तुझं नाव उलटंच दिसतंय. गिऱ्हाईक काय म्हणंल?"

"गिऱ्हाइकाला मराठी हाय की."

"आणि टेकडी?"

मी आत, तिच्या बाजूला उभी होते. आतून मराठी ओळ उलटी होती, तिला ती सुलटी असतानाही वाचता येत नव्हती. टेकडी उजव्या हाताला होती, होती तिथंच. त्याखाली भावाच्या हातचं तिचं नाव, नुक्त्यासकट. कढईत तेल तापलं होतं. भाभीनं पिठात मूठभर मीठ टाकलं आणि कालवत कालवत काचेकडे पाहिलं.

"हितून समदं बरोबर हाय," ती म्हणाली.